पाळीव पोपटाला ताजी फळे : कोणती, किती आणि कशाच्या जागी?

रानवारा (मूळ धागा)

पोपट म्हणजे फळे खाणारा पक्षी, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की पिंजऱ्यात सफरचंदाची फोड अडकवताना मनात दुसरा विचारही येत नाही. प्रत्यक्षात जगभरात पोपटांच्या सुमारे ४०० जाती आहेत आणि त्यांच्या खाण्यात फार मोठी तफावत आहे. बजरीगार आणि कॉकटिएल हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशांतले पक्षी असून त्यांचे मुख्य अन्न गवताचे बी आहे. हायसिंथ मकाव ताडवर्गीय झाडांची दगडासारखी कठीण फळे फोडून आतला तेलकट भाग खातो, तर लॉरी फुलांतला मधुरस आणि पराग चाटून जगतात. शिवाय रानात फळावर बसलेला पोपट पुष्कळदा गरासाठी आलेलाच नसतो. तो कच्चे फळ कुरतडतो, गर खाली टाकतो आणि आतले बी फोडून खातो.

त्यामुळे ‘फळ हे त्याचे नैसर्गिक अन्नच आहे’ हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. आपण जी फळे आणतो ती माणसाच्या जिभेला आवडावीत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून गोड, रसाळ आणि कमी बियांची केलेली असतात. द्राक्षात वजनाच्या सुमारे सोळा टक्के साखर असते, केळ्यात सुमारे बारा टक्के; कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. बहुतेक फळांत प्रथिने एका टक्क्याच्या आसपास आणि कॅल्शियम नाममात्र असते.

आता पक्ष्याचे वजन लक्षात घ्या. बजरीगार साधारण ३५ ग्रॅमचा असतो आणि एक मध्यम द्राक्ष ५ ग्रॅमचे असते, म्हणजे एका द्राक्षात आपण त्याला त्याच्या वजनाच्या सातव्या हिश्श्याइतके फळ देतो. ६० किलोच्या माणसाने एका बैठकीत साडेआठ किलो फळे खावीत, असा हा हिशेब आहे.

फळे बंद करावीत असे मला अजिबात सुचवायचे नाही. ‘कोणते फळ चालते’ या याद्या सगळीकडे मिळतात. त्याआधी ‘किती’ आणि ‘कशाच्या जागी’ हे दोन प्रश्न विचारायला हवेत, एवढेच माझे म्हणणे आहे. बहुतेक जातींसाठी चांगल्या प्रतीचे पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणारे गोळीखाद्य) हा आहाराचा मोठा भाग, त्याखालोखाल पालेभाज्या आणि रंगीत भाज्या, आणि फळे साधारण पाच ते दहा टक्के, असे प्रमाण पक्षितज्ज्ञ डॉक्टर सांगतात. आमच्याकडे एक कॉकटिएल आणि एक आफ्रिकन ग्रे पोपट आहे आणि दोघांसाठी मी हाच हिशेब धरते. जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असेल तिथे दुरुस्त करावे.


निळीशाई

धागा अगदी वेळेवर आला. रानवारा ताई, माझा एक आक्षेप आहे. बरेच पक्षी आजही केवळ बियांवर, त्यातही सूर्यफुलाच्या बियांवर वाढवले जातात. अशा पक्ष्याच्या मालकाला ‘फळे पाच टक्केच द्या’ असे सांगितले, तर तो फळे कमी करेल आणि बियांची वाटी तशीच भरलेली ठेवेल. सूर्यफुलाच्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असते. त्यापेक्षा पपईची फोड कितीतरी बरी नाही का? निदान ‘अ’ जीवनसत्त्व तरी पोटात जाईल.


खगवैद्य

निळीशाई यांचा आक्षेप योग्य आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता ही आम्हाला वारंवार दिसणारी गोष्ट आहे. या जीवनसत्त्वाअभावी तोंड, नाक, श्वासमार्ग आणि मूत्रपिंड यांच्या आतले ओलसर अस्तर जाड आणि कोरडे होत जाते व जंतूंना वाट मोकळी होते. पक्षी शिंकू लागतो, नाकपुड्या भरून येतात, डोळ्यांभोवती सूज दिसते, तोंडात पांढरे पुळीसारखे ठिपके येतात. पक्ष्याची चोच उघडून पाहिली तर टाळूवर मधोमध एक फट दिसते आणि तिच्या कडेला बारीक टोकदार काट्यांची झालर असते. कमतरता असलेल्या पक्ष्यात हे काटे बोथट होतात किंवा नाहीसे होतात. तपासणीच्या टेबलावर पक्ष्याच्या आहाराचा इतिहास विचारण्याआधीच ही झालर बरेच काही सांगून जाते.

परंतु ही कमतरता भरून काढण्यासाठी फळांवर भिस्त ठेवणे व्यवहार्य नाही. वनस्पतींमध्ये ‘अ’ जीवनसत्त्व तयार स्वरूपात नसून बीटा-कॅरोटीनच्या रूपात असते आणि शरीर गरजेनुसार त्याचे रूपांतर करते. १०० ग्रॅम गाजरात हे बीटा-कॅरोटीन ८,००० मायक्रोग्रॅमच्या पुढे असते आणि रताळेही जवळपास तितकेच समृद्ध असते. फळांमध्ये चांगला गणला जाणारा आंबा साडेसहाशेच्या आसपास थांबतो, पपई त्याच्याही निम्म्यावर आणि सफरचंद तर तिशीसुद्धा गाठत नाही. म्हणजे गाजराच्या एका किसलेल्या चिमटीचे काम करायला आंब्याच्या दहा-बारा चिमट्या लागतील, आणि त्यांच्याबरोबर येणारी साखर वेगळीच. रंग गडद असेल तर कॅरोटीन अधिक, हा ढोबळ नियम धरून लाल ढोबळी मिरची, लाल भोपळा आणि गडद पालेभाज्या यांना पहिली पसंती द्यावी. तिखट मिरचीही चालते, कारण मिरचीतला तिखटपणा ज्या घटकामुळे जाणवतो त्याला पक्ष्यांच्या शरीरातील संवेदक प्रतिसादच देत नाहीत.

बियांच्या पक्ष्याला फळ देणे हे काहीच न देण्यापेक्षा निश्चित चांगले आहे. मात्र कमी करायच्या त्या बिया, आणि रिकाम्या झालेल्या जागेत आधी भाजी आणि पेलेट यायला हवेत. पेलेट खाणाऱ्या पक्ष्याला वरून पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालू नयेत. पेलेटमध्ये ‘अ’ आणि ‘ड’ आधीच घातलेले असतात, आणि ही दोन्ही शरीरात साठून अपाय करू शकतात.


हिरवी_चोच

‘बहुतेक जातींसाठी’ हे शब्द रानवारा यांनी वापरले ते बरे झाले, कारण आमच्याकडे एक्लेक्टस आहे आणि त्याला हे प्रमाण जसेच्या तसे लागू होत नाही. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरच्या जंगलांतला हा पक्षी खरोखरच फळांवर मोठ्या प्रमाणात जगतो आणि त्याचा पचनमार्ग इतर पोपटांच्या तुलनेत लांब असल्याचे सांगितले जाते. एक्लेक्टसमध्ये पायाची बोटे ठराविक लयीत आपटत राहण्याची आणि पंख झटकत राहण्याची एक विचित्र तक्रार आढळते, आणि अनेक अनुभवी पाळणारे तिचा संबंध जीवनसत्त्वे वाढवलेल्या खाद्याशी व वरून दिलेल्या पूरक औषधांशी जोडतात. म्हणून आम्ही पेलेटचे प्रमाण कमी आणि ताज्या भाज्या-फळांचे जास्त ठेवले आहे, अर्थात पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारून आणि रक्ताची नियमित तपासणी करून.

तरीही आमच्या वाटीत फळांपेक्षा भाजीच अधिक असते. रानातले अंजीर आणि आपल्या ताटातले अंजीर यांत गोडीचा फरक असतोच.


पानगळ

लॉरी आणि लॉरिकीट पाळणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. यांच्या जिभेच्या टोकाला ब्रशसारखे केस असतात आणि पोटातली दळणारी पिशवी इतर पोपटांइतकी बळकट नसते, त्यामुळे बियांचा आहार यांना मानवत नाही. त्यांच्यासाठी तयार मधुरस-मिश्रण आणि त्याच्या जोडीला फळे हाच आहार. मात्र या गटातले काही पक्षी यकृतात लोह साठवत जातात आणि त्याचे पर्यवसान गंभीर आजारात होते. ‘क’ जीवनसत्त्व अन्नातले लोह शोषून घ्यायला मदत करते, म्हणून संत्रे, किवी, पेरू अशी ‘क’ने भरलेली फळे लोहयुक्त खाद्याबरोबर देऊ नयेत असा सल्ला दिला जातो. पपई, नाशपाती, खरबूज यांचाही रोज मारा न करता आलटून पालटून द्यावे. ‘पेरू पौष्टिक असतो’ हे विधान खरेच आहे, पण कोणासाठी, हे विचारल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.


दवबिंदू

कोणती फळे मुळीच देऊ नयेत, हे कुणीतरी स्पष्ट लिहा. सफरचंदाच्या बियांबद्दल इतके परस्परविरोधी वाचायला मिळते की शेवटी आम्ही सफरचंदच बंद केले.


खगवैद्य

सफरचंद बंद करण्याचे कारण नाही. पूर्ण वर्ज्य असलेले एकच फळ आधी सांगतो : अव्होकाडो. त्यातले पर्सिन हे द्रव्य पक्ष्यांच्या हृदयाच्या स्नायूला इजा करते, छातीत आणि हृदयाभोवती पाणी साचते, पक्षी धापा टाकू लागतो आणि दांडीवरून खाली उतरून मलूल बसतो. पशुवैद्यकीय ग्रंथांत नोंदवलेले आकडे पाहा : बजरीगारांना १ ग्रॅम गर दिल्यावर ते अस्वस्थ होऊन पिसे उपटू लागले, आणि ८.७ ग्रॅम कुस्करलेल्या गराने ४८ तासांच्या आत मृत्यू ओढवला. यावर उतारा नाही, केवळ आधाराचे उपचार करता येतात. गर, साल, बी, पान यांपैकी काहीही देऊ नये आणि अव्होकाडो घातलेला माणसांचा पदार्थही पक्ष्याच्या चोचीपासून दूर ठेवावा. ‘आमच्याकडे एकदा खाल्ला, काही झाले नाही’ असे सांगणारे भेटतात. परिणाम जातीनुसार आणि फळाच्या प्रकारानुसार बदलतो, म्हणून त्या अनुभवावर विसंबू नये.

सफरचंद, नाशपाती, चेरी, पीच, जर्दाळू आणि आलुबुखार यांच्या बियांत वा बाठ्यांत अमिग्डॅलिन असते आणि बी चावले गेले की त्यातून सायनाइड सुटते. माणसाने अनवधानाने सफरचंदाची एखादी बी अख्खी गिळली तर ती तशीच बाहेर पडते. पोपटाची गोष्ट वेगळी आहे, कारण बी फोडून खाणे हेच त्याच्या चोचीचे काम आहे. एका बीने मोठा मकाव दगावेल असे मी म्हणणार नाही, परंतु ९० ग्रॅमच्या कॉकटिएलवर हा प्रयोग कशासाठी करायचा? बियांचा मधला भाग कापून टाकायला क्षणभरही लागत नाही. गर निर्धास्तपणे द्यावा. पपई, कलिंगड, खरबूज, द्राक्ष, डाळिंब आणि पेरू यांच्या बिया चालतात, आणि पपईच्या बिया तर काही पक्षी गराच्या आधी वेचून खातात.

सुकवलेल्या फळांत साखर कित्येक पटींनी एकवटते आणि रंग टिकावा म्हणून काहींवर गंधकाची प्रक्रिया केलेली असते. डबाबंद फळे पाकातली असतात. रसातला चोथा गेलेला असतो. या तिन्हींना काट मारावी.


रानवारा

आभार. धुण्याबद्दल मीच लिहिते. फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे ही किमान गोष्ट झाली. सफरचंदाबाबत २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास उपयोगी आहे. त्यांनी दोन कीडनाशके सफरचंदांवर लावून ती काढण्याच्या पद्धतींची तुलना केली, आणि लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटे बुडवल्यावर पृष्ठभागावरचे अवशेष निघून गेल्याचे त्यांना आढळले. सालीत मुरलेला भाग मात्र राहिला. त्यामुळे ज्या फळाच्या उगमाची खात्री नाही त्याची साल काढावी, असे माझे मत आहे. साल काढल्याने थोडे तंतू कमी मिळतील. ते भाजीतून मिळतात.

केळे, आंबा, संत्रे यांची साल पक्षी खात नाहीत असे समजून अख्खे फळ हातात देणारे आहेत. खात नसले तरी चोचीने कुरतडतातच, तेव्हा तीही धुतलीच पाहिजे. आणि आपल्या तोंडातली अर्धी खाल्लेली फोड पक्ष्याला भरवणे थांबवावे. कितीही प्रेमाने केले तरी माणसाच्या लाळेतले जंतू त्याच्या पोटासाठी परके आणि काही वेळा घातक असतात.


मुसाफिर

आमचा कोन्युअर जातीचा पोपट फळाकडे पाहतसुद्धा नाही. बाकी धागा आवडला, पण ‘कमी द्या’ हा सल्ला आमच्या काय कामाचा? तो खाईल तेव्हा ना! उपाशी ठेवल्यावर खाईल, असे एकाने सुचवले आहे.


हिरवी_चोच

उपाशी ठेवू नका. लहान पक्ष्यांच्या शरीरात साठा फार थोडा असतो आणि एका दिवसाची उपासमारही त्यांना महागात पडू शकते. नवीन पदार्थाला पोपट घाबरतो, कारण लहानपणी जे पाहिले-चाखले तेच त्याच्या लेखी अन्न असते. ही भीती वेळ देऊनच जाते.

सकाळी, भूक चांगली लागलेली असताना, नेहमीच्या खाद्याच्या आधी तासभर ताजी वाटी ठेवून पाहा. त्याच्यासमोर बसून तेच फळ स्वतः चवीने खा. थव्यात राहणारा पक्षी सोबतच्या खाण्याकडे बारकाईने बघत असतो. आकारही बदलून पाहा. एखादा पक्षी सफरचंदाच्या फोडीला बिचकतो आणि त्याच सफरचंदाचा कीस नेहमीच्या बियांवर भुरभुरला तर निमूटपणे खातो. एखाद्याला वाटीतले नको असते, पण स्टीलच्या सळईला ओवून टांगलेले मात्र तो तासभर उपसत बसतो.

डाळिंबापासून सुरुवात करून पाहा, असे मी आवर्जून सुचवेन. सालीसकट एक लहान तुकडा पुढे केला की पक्षी तो एका पायात धरतो, पडद्याआडून एक दाणा उचकटतो आणि वरच्या चोचीच्या आतल्या बाजूला जिभेने दाबून धरतो. रस पिऊन झाला की रिकामा पापुद्रा चोचीच्या कडेने बाहेर सोडतो आणि उरलेली बी फोडतो. एका दाण्यात दोन-तीन कामे असतात आणि पोटात जाते ते अगदी थोडे. दिवसभर पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याला फळाचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. भिंतींचे काय होते ते विचारू नका. पिंजऱ्यामागे जुना कागद लावून ठेवा.


खगवैद्य

वरील सल्ल्याला पूर्ण अनुमोदन. फक्त आहार बदलताना ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा हाताशी असावा आणि रोज सकाळी, पहिली शीट टाकून झाल्यावर व खाणे देण्याआधी वजन लिहून ठेवावे. मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली, तर बदल थांबवून नेहमीचे खाद्य द्यावे आणि पक्षी दाखवून घ्यावा. पिसे फुगवून बसलेला पक्षी बाहेरून गुबगुबीत दिसतो, त्यामुळे केवळ नजरेवर भरवसा ठेवता येत नाही.

मुसाफिर, कोन्युअरने फळ कधीच खाल्ले नाही तरी काही बिघडत नाही. तो पेलेट आणि भाजी खात असेल तर फळावाचून त्याचे अडणार नाही.


निळीशाई

डाळिंबाचा प्रयोग करून पाहिला आणि सल्ला मानवला. पण दुपारी पिंजऱ्याच्या तळाशी लालसर, पाणीदार शीट दिसली आणि घरात सगळे घाबरले. हे जुलाब समजायचे का?


खगवैद्य

पक्ष्याच्या शिटेचे तीन भाग असतात : घट्ट हिरवट-तपकिरी विष्ठा, पांढरे युरेट (मूत्रातला घट्ट भाग) आणि स्वच्छ पाणी, म्हणजे मूत्र. पाणीदार फळ खाल्ल्यावर तिसरा भाग वाढतो आणि विष्ठेच्या गुंडाळीभोवती ओलसर कडे दिसते. गुंडाळीचा आकार टिकून असेल तर ते जुलाब नव्हेत. डाळिंब, बीट, ब्लूबेरी यांनी रंगही बदलतो. पोपटाचे पचन वेगवान असल्यामुळे काही तासांतच रंग खाली उतरतो आणि तसाच निघून जातो. रंगीत फळ दिले नसताना लाल दिसले, पांढरा भाग पिवळा वा हिरवा झाला, विष्ठेचा आकारच मोडून गेला किंवा फळ थांबवूनही पाणी कमी होईना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. येताना पिंजऱ्याच्या तळाचा कागद आणावा. तो न बदलता आणलात तर आमचे निम्मे काम होते.


दवबिंदू

शेवटची शंका. वाटीत ठेवलेले फळ किती वेळ चालते, आणि गोठवलेले फळ देता येते का?


रानवारा

उकाड्यात दोन तास, गार हवेत फार तर चार. त्यानंतर उरलेले काढून वाटी साबणाने धुवावी, कारण गोड ओलाव्यात जंतू आणि यीस्ट झपाट्याने वाढतात आणि यीस्टचा त्रास अन्न साठवणाऱ्या गळ्यातल्या पिशवीला होतो. दांडीवर, खेळण्यांच्या फटींत चिकटलेले तुकडेही शोधून काढावे लागतात. बहुतेकांची नजर वाटीपाशीच थांबते. साखर न घातलेले गोठवलेले फळ चालते, पण ते पूर्ण वितळवून, खोलीच्या तापमानाला आणून आणि सुटलेले पाणी निथळून द्यावे. आम्ही ब्लूबेरी अशाच ठेवतो. कॉकटिएलला एक अर्धी करून आणि ग्रेला दोन, एवढे त्यांना पुरते.